रात्रपाळीचें पाणी आणि शेतकऱ्याचें जेवण

रब्बीचा हंगाम ऐन भरांत आला म्हणजे हिवरा आश्रम व मेहकरच्या आसपासच्या गांवांत एक तक्रार हटकून ऐकूं येते. अंग शिणलेलें असतें, डोळे जड झालेले असतात. परंतु बाजेवर पडल्यावर झोंप येत नाहीं, आणि आली तरी दोन घटकांत मोडते. याचें खापर कोणी वयावर फोडतो, कोणी कर्जाच्या चिंतेवर. चिंता खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि या झोंपमोडीचा मोठा भाग आपल्या ताटांत व चहाच्या पेल्यांत आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हरभरा व गहूं यांस पाणी द्यावयाचें तें वीज येईल तेव्हां. शेतीच्या फीडरांवर पाळीनें कधीं दिवसां तर कधीं रात्रीं वीज देण्याची पद्धत महाराष्ट्रांत वर्षानुवर्षें चालत आली. दिवसां वीज मिळावी म्हणून सरकारनें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना काढली व २०२३ सालीं तिचा दुसरा टप्पा हातीं घेतला. जेथें ती पोचली तेथील शेतकरी सुटला. जेथें पोचली नाहीं तेथें काय घडतें? संध्याकाळीं घोटभर चहा घेऊन गडी निघतो. दहा-अकरा वाजतां बांधावर पुन्हां चहा. मध्यरात्रीं भाकरी, ठेचा व तेलकट भाजी. पहांटे आणखी चहा. आणि मोटार बंद होतांच घरीं येऊन भरल्या पोटीं आडवें होणें.

आधीं चहाचें पाहूं. जागेपणीं मेंदूंत ॲडेनोसीन नांवाचें द्रव्य साठत जातें व तेंच झोंपेची ओढ लावतें. चहांतील कॅफीन त्याची जागा अडवून बसतें. त्यामुळें थकवा जात नाहीं, फक्त कळेनासा होतो. पोटांत गेलेल्या कॅफीनचा निम्मा भाग नाहींसा होण्यास साधारण पांच तास लागतात. म्हणजे रात्रीं अकराच्या चहाचा अर्धा अंश पहांटे चार वाजतांहि अंगांत असतो. सकाळीं सहा वाजतां निजणाऱ्यानें तीन वाजतां चहा घेतला तर त्यानें आपली झोंप आधींच गहाण टाकली. अंधारांत सापाकिरड्याचें व विजेचें भय असल्यानें सावध राहणें अवश्य आहे, हें आम्ही जाणतों. म्हणून चहा घ्यावयाचा तो पाळीच्या आरंभीं घ्यावा, मध्यरात्रीनंतर नाहीं. तंबाखूचा बारहि जागवणाराच आहे. दारूबद्दल तर अनेकांचा भलताच ग्रह आहे: ती डोळा लवकर लावते खरी, परंतु रात्रीचा उत्तरार्ध मोडून टाकते.

आतां जेवण. शरीरांत वेळेचें एक घड्याळ चालतें. फळमाशीवर काम करून त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांस २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. रात्रीं हें घड्याळ पचनास विसांवा देऊं पाहतें, आणि आपण तेव्हांच ताट पुढें ओढतों. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत १९ निरोगी तरुणांस रात्रपाळीप्रमाणें जागविलें. ज्यांनीं रात्रींहि खाल्लें त्यांच्या रक्तांतील साखर सरासरी ६.४ टक्के वाढली; ज्यांनीं केवळ दिवसां खाल्लें त्यांची तशी वाढली नाहीं. माणसें थोडीं होतीं, तरी आमच्या वडीलधाऱ्यांच्या दिवेलागणीच्या जेवणास यांत चांगलाच आधार आहे. चरकानेंहि आहार व निद्रा यांस शरीराच्या तीन आधारांत शेजारीं शेजारीं बसविलें आहे.

तेलकट अन्न जठरांतून सावकाश पुढें सरकतें. त्यावर लगेच आडवें झाल्यास आम्ल घशाशीं येतें, छातींत जळजळतें व झोंप तुटते. म्हणून जेवण आणि अंथरूण यांत दोन-तीन तासांचें अंतर असावें. हिवरा आश्रमच्या विवेकानंद जयंतीच्या उत्सवांत ट्रॅक्टरांतून पुरी व वांग्याची भाजी वाढली जाते, लाखों माणसें पंगतीला बसतात. वर्षांतून एकदां घेतलेल्या त्या प्रसादावर कोणी बोट ठेवूं नये, आणि आमचाहि तो हेतु नाहीं. परंतु एवढी पंगत शिस्तींत उठते, तर पांच माणसांच्या घरीं जेवणाची एक वेळ कां ठरूं नये?

रात्रपाळीच्या आठवड्यांत मुख्य जेवण सूर्यास्ताच्या सुमारास करून निघावें: ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी. उपाशीं मात्र निघूं नये. भुकेनेंहि झोंप येत नाहीं. रात्रीं लागलेंच तर मूठभर फुटाणे. परतल्यावर ताकभात किंवा मुगाची पातळ खिचडी, तीहि थोडी, आणि खोलींत अंधार.

ताटाची सुधारणा म्हणजे दिवसाच्या विजेची मागणी सोडणें नव्हे. ती प्रत्येक ग्रामसभेंत झालीच पाहिजे. आणखी एक गोष्ट पुरुषवाचकांनीं मनावर घ्यावी. धनी रानांत असतां घरची बाई त्याच्यासाठीं उपाशीं थांबते, मध्यरात्रीं डबा पाठविते, पहांटे पुन्हां चूल पेटविते. तिची झोंप कोणी मोजीत नाहीं. तिनें मुलांबरोबर दिवेलागणीला जेवावें, आणि परतणाऱ्यानें झांकून ठेवलेलें अन्न आपल्या हातानें वाढून घ्यावें.