शंख-चक्रांची साक्ष

बाळाची मूठ उघडून शंख किती, चक्रं किती हे मोजायची हौस अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यालाही जुनीच. आता ती ‘डीएमआयटी’ असं भारदस्त नाव घेऊन, छापील अहवालासह पालकांपुढे येते. दहा बोटांचे ठसे द्या, पैसे भरा, मुलाची बुद्धी नि कल जाणून घ्या! विक्रेत्यांचा युक्तिवाद असा: ठसे आणि मेंदू गर्भात एकाच काळात घडतात; स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या ठशांत फरक आढळतो; तेव्हा ठशांवरून मन वाचता येतं.

यातली पहिली दोन विधानं खरी आहेत. म्हणून तर तिसरं खपतं.

त्वचेचा वरचा थर आणि मज्जासंस्था गर्भाच्या एकाच बाह्यस्तरातून घडतात. साधारण दहाव्या-अकराव्या आठवड्यात बोटांच्या टोकांवर रेषा उमटू लागतात. त्या वेळी तिथली गादी फुगीर असेल तर बहुधा चक्र, ओसरली असेल तर कमान. पण उगम एक म्हणून अमुक बोट मेंदूच्या तमुक भागाचं, हे कुठून आलं? त्याला पुरावा नाही. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही ही चाचणी अशास्त्रीय ठरवली आहे.

आता स्किझोफ्रेनिया. हा आजार आयुष्यात शंभरातल्या जेमतेम एकाला होतो. समजा, एखाद्या खुणेने धोका दुप्पट झाला. तरी ती खूण असलेल्या शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव जण निरोगीच राहतील. त्यांच्या कपाळी शिक्का मारायचा कुणी अधिकार दिला?

मग सगळंच थोतांड म्हणायचं? तेही चूक. एकसारख्या जुळ्यांचा १९९२ सालचा एक अभ्यास आहे. ज्या जोड्यांत एकालाच स्किझोफ्रेनिया होता, त्यांच्या बोटांवरच्या रेषांच्या संख्येत निरोगी जोड्यांपेक्षा जास्त तफावत निघाली. जनुकं तीच; म्हणजे गर्भातच एकाच्या वाट्याला काही वेगळं आलं असावं. गर्भकाळाचं महत्त्व दुसरीकडूनही दिसतं. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. तो ऐन भरात असताना गर्भात रुजलेल्या मुलांमध्ये हा आजार पुढे दुपटीने दिसला.

ठशाचं मोल इथे आहे. बर्फात हात घालून मासळी निवडणाऱ्या, कोळंबी सोलणाऱ्या कोळणीची बोटं इतकी झिजतात की रेशन दुकानातलं मशीन तिला ओळखत नाही. पण झीज वरवरची. हात विसावले की खालच्या थरातून तीच नक्षी वर येते. जन्माआधीच्या त्या आठवड्यांची नोंद जन्मभर टिकते. संशोधकाला हजारो बोटं एकत्र पाहून त्या काळाचा माग काढता येतो. एका पोराचं भविष्य मात्र त्यातून सांगता येत नाही.

आणि ही नोंद सांगते काय? पहिले तीन-चार महिने मोलाचे. म्हणून पाळी चुकली की लगेच आशाताईला कळवावं, बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवावं, फॉलिक अ‍ॅसिड सुरू करावं, घरातलं चांगलं ताट आधी गर्भवतीपुढे यावं. आणि तरण्या पोराला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, झोप उडाली, घरच्यांवरच संशय येऊ लागला, तर त्याची बोटं तपासत बसू नये. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात न्यावं, नाहीतर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावावा. अहवालाचे पैसे वाचतील. मुख्य म्हणजे उपचाराचा वेळ वाचेल.