चूक पालकांची की अर्जाची?

गेल्या वर्षी जून महिन्यात फीच्या सवलतीसाठी आम्ही एक अर्ज तयार केला व तो विद्यार्थ्यांबरोबर घरोघर पाठविला. तो आमच्या मते इतका सुबोध होता की, त्यात कोणी चुकेल अशी शंकाही आम्हांस आली नाही. परंतु परत आलेल्या अर्जांपैकी पुष्कळ अपुरे निघाले. 'मासिक उत्पन्न' या रकान्यात कोणी शून्य लिहिले होते, कोणी सबंध वर्षाची रक्कम, तर कोणी नुसती रेघ ओढली होती. पालक लक्ष देत नाहीत, असे म्हणून आम्ही भर वर्गात रागावलो, हे आमच्या काही बालवाचकांच्या स्मरणात असेलच. तो राग अस्थानी होता हे आम्हांस कसे कळले, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

त्याच सुमारास आमचा एक माजी विद्यार्थी सुट्टीत गावी आला. पुण्यास तो 'युजर एक्स्पीरियन्स डिझायनर' म्हणून काम करतो. मोबाइलवरील ॲप, संकेतस्थळे, तिकिटांची यंत्रे इत्यादी साधने वापरणारास सुलभ व्हावीत अशी त्यांची योजना करणे, हा त्याचा व्यवसाय. हे काम म्हणजे रंग भरणे व बटणे गोल करणे, अशी आमची भोळी समजूत होती, म्हणून अर्ज पुढे करून आम्ही त्यास म्हणालो, "अरे, एवढा हा जरा सुंदर करून दे."

त्याने लेखणी उचलली नाही. तो म्हणाला, "सर, हा अर्ज भरताना आपण कोणास पाहिले आहे काय?"

आम्ही निरुत्तर झालो. दुसऱ्या दिवशी तो आम्हांस एका विद्यार्थ्याच्या घरी घेऊन गेला. मुलाच्या आईपुढे कोरा अर्ज ठेवला, आणि 'मध्ये काही बोलावयाचे नाही' असे आम्हांसच बजावले. शिक्षकाने मूक बसणे किती कठीण, हे शिक्षकच जाणे! त्या बाईंनी नाव, गाव, इयत्ता झरझर लिहिली व 'मासिक उत्पन्न' पाशी त्यांची लेखणी थांबली. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "गुरुजी, आंबियाची संत्री दिवाळीच्या मागेपुढे जातात, मृगाची शिमग्याच्या सुमारास. बाग झाडावरच विकली की पैसा एकदम हाती येतो. गळ लागली तर तोही नाही. मग महिन्याचे काय लिहू?"

वरुडात राहणाऱ्या, संत्र्यांच्या बागांवरून रोज ये-जा करणाऱ्या आम्हांस हे ठाऊक नव्हते काय? होते. परंतु अर्ज लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे माणूस होता तो दरमहा पगार घेणारा. म्हणजे वस्तुतः आम्हीच.

या व्यवसायाचे मर्म आम्हांस त्या ओसरीवर उमगले. काम हाती आले की हे लोक प्रथम कागद घेत नाहीत, प्रथम माणूस पाहतात. तो ते साधन कोठे वापरणार, कोणत्या घाईत, कोणत्या हातांनी? १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात सुरू झालेली ई-पीक पाहणी आपल्या शेतकरी पालकांच्या परिचयाची आहे. तीत शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात उभे राहून मोबाइलने पिकाचे छायाचित्र काढावयाचे असते. अशा कामाची योजना थंड खोलीत बसून कशी व्हावी? दुपारच्या उन्हात पडदा दिसत नाही, बोटांस माती लागलेली असते, बांधावर रेंज मिळेल याचा भरवसा नाही, आणि पुष्कळदा मोबाइल असतो तो मुलाचा.

'युजर एक्स्पीरियन्स' हा शब्दप्रयोग अमेरिकेतील डोनाल्ड नॉर्मन यांनी १९९३ च्या सुमारास ॲपल कंपनीत असताना रूढ केला. परंतु विचार त्याहून जुना आहे. १९५८ साली चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली, तिच्या मुळाशी हा अहवाल आहे. त्यात त्यांनी सर्वांत अधिक वाखाणले ते आपल्या घरातील लोट्यास! त्यात पाणी किती मावावे, उचलणाऱ्या स्त्रीचा हात केवढा, तो डोक्यावर नेतात की कमरेवर, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो की नाही, अशा कित्येक प्रश्नांची उत्तरे त्या एका आकारात पिढ्यानपिढ्यांनी साठविली आहेत, असे त्यांस आढळले.

आपल्या भाषेपुरते एक उदाहरण आम्हांस फार आवडते. मोबाइलवर मराठी लिहिणे अवघड वाटते म्हणून आमचे कित्येक विद्यार्थी मराठी चक्क रोमन अक्षरांत लिहितात, व आम्ही त्यांस आळशी म्हणतो. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक डिझाइन केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी व त्यांचे सहकारी यांनी या अडचणीचा निराळा विचार केला. मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकास वर्णमाला व बाराखडी पाठ असते. मग कळफलक नव्याने कशास घोकावा? २०१३ साली उपलब्ध झालेल्या त्यांच्या 'स्वरचक्रा'त अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने मांडली आहेत. 'क'वर बोट ठेवताच त्याभोवती का, कि, की, कु अशी रूपे चक्राकार उमटतात. हव्या रूपाकडे बोट सरकवून उचलले की अक्षर तयार. जोडाक्षरासाठी पाय मोडला की, पुढे कोणकोणती जोडाक्षरे होतील ती कळींवर आधीच दिसतात. लोकांस जे येत होते त्याचाच येथे उपयोग केला आहे.

पुढील काम चिकाटीचे. कागदावर कच्चा नमुना करावयाचा, तो दुसऱ्याच्या हाती द्यावयाचा, आपण गप्प बसावयाचे, तो अडेल तेथे खूण करावयाची व पुन्हा नमुना करावयाचा. याकोब निल्सन या तज्ज्ञाने २००० साली असे प्रतिपादिले की, पाच माणसांस असे पाहिले तरी बहुतेक अडचणी उघड होतात. पाचच माणसे! आम्ही एकासही पाहिले नव्हते.

ही विद्या सर्वस्वी निर्दोष आहे, असे मात्र आम्हांस म्हणवत नाही. माणूस कोठे अडतो हे ज्यास कळते, त्यास माणूस कोठे फसतो हेही कळते. मुले तासन् तास मोबाइल खाली ठेवीत नाहीत, जाहिरात बंद करण्याची फुली सापडत नाही, घेतलेली वर्गणी थांबविण्याची वाट दिसत नाही; यामागेही कोणाची तरी योजना असते. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ फसव्या प्रकारांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. पालकांनी त्या अवश्य नजरेखालून घालाव्यात.

ज्या विद्यार्थ्यांस या मार्गाने जावेसे वाटेल त्यांनी चित्रकला उत्तम नाही म्हणून मागे राहू नये. बारावीनंतर पदवीसाठी 'यूसीड' नावाची परीक्षा २०१५ पासून घेतली जाते व तीस कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो. निरीक्षणाचा सराव तर आजपासूनच करता येईल. घरी आजी मोबाइलवर अडली म्हणजे तिच्या हातातून तो ओढून घेऊ नका. कोठे अडली ते पाहा.

असो. अर्ज आम्ही आता तिसऱ्यांदा लिहिला आहे. 'मासिक उत्पन्न' काढून 'गेल्या वर्षाचे उत्पन्न' असे केले, तर बाग ठोक्याने घेणाऱ्या एका पालकांनी विचारले, "वर्ष कोठून धरावयाचे, पाडव्यापासून की एप्रिलपासून?" याचे उत्तर आमच्यापाशी अद्याप नाही. नवा नमुना कार्यालयात ठेवला आहे. वरच्या वर्गातील पाच विद्यार्थ्यांनी तो घरी न्यावा, वडीलधाऱ्यांपुढे ठेवावा, शेजारी गप्प बसावे, आणि लेखणी कोठे कोठे थांबली तेवढे आम्हांस लिहून आणून द्यावे.