ईयोबाचे मित्र अजून जिवंत आहेत

कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपाशी कारीट फोडतात, त्याची कडू चव जिभेला लावतात आणि मगच फराळाला बसतात. तेव्हा दिवाळी अंकाच्या खमंग पानांत एखादे कडू पान वाचकांनी चालवून घ्यावे. मी मराठी ख्रिस्ती आहे आणि माझे भांडण माझ्याच मंडळीतल्या माणसांशी आहे. परंतु ज्या घरात मृत्यू येऊन गेला आहे, त्या कोणत्याही घराला ते परके वाटणार नाही.

भांडणाचा मुद्दा असा. दुःखाने पिचलेल्या माणसाने देवाला ‘का?’ असे विचारले, की त्याला अविश्वासी ठरवावयाचे आणि त्याचे तोंड बंद करावयाचे, ही आपल्याकडची रीत होऊन बसली आहे. ती क्रूर तर आहेच. पण ज्या शास्त्राच्या नावाने ती चालते, त्या शास्त्राच्याही ती विरुद्ध आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा धाकटा भाऊ गेला. प्राणवायूसाठी आम्ही दोन रात्री वणवण केली. पुढे सांत्वनाला माणसे आली. एकाने सांगितले, ‘देव आपल्या लाडक्यांना लवकर नेतो.’ दुसरा म्हणाला, ‘देवाच्या इच्छेपुढे रडणे म्हणजे अविश्वास.’ तिसऱ्याने तर माझ्या भावजयीला विचारले, ‘बाई, प्रार्थनेत काही कमी पडले का?’ अठ्ठावीस वर्षांची ती मुलगी, पदरी तीन वर्षांचे लेकरू. त्या दिवसापासून ती उपासनेला आलेली नाही. लोक म्हणतात, दुःखाने तिचा विश्वास गेला. मी म्हणतो, दुःख तिने सोसले असते. हे सांत्वन तिला सोसवले नाही.

हे सांत्वनकर्ते शास्त्र उघडतात ते सोयीची पाने पाहून. ईयोबाचे पुस्तक चांगले बेचाळीस अध्यायांचे आहे. त्याची सात मुले आणि तीन मुली एका दिवसात गेल्या. तीन मित्र भेटीला आले आणि सात दिवस, सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ मुकाट्याने बसून राहिले. त्यांनी केलेले चांगले काम तेवढेच! तोंड उघडल्यावर मात्र त्यांनी एकच पालुपद धरले : तुझ्या हातून पाप घडले असले पाहिजे. ईयोब हटला नाही. तो देवाला जाब विचारीत राहिला. आणि शेवटी देव कोणावर रागावला? या धर्मरक्षक मित्रांवर. खरे बोलला तो ईयोब, असा निवाडा झाला आणि त्याच ईयोबाने मित्रांसाठी प्रार्थना करावी असे ठरले. दुःखाचे कारण मात्र ईयोबालाही सांगितले गेले नाही. जे देवाने सांगितले नाही, ते आमचे शेजारी चहाच्या घोटाबरोबर सांगून मोकळे होतात!

कोणी म्हणेल, ‘प्रभूने गेथशेमाने बागेत पित्याच्या इच्छेपुढे मान तुकवली, ते विसरलात काय?’ विसरलो नाही. पण मान तुकवण्याआधी हा प्याला टळावा म्हणून त्याने विनवणी केली होती. आणि दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर ‘तू मला का टाकलेस?’ हा स्तोत्रकर्त्याचा प्रश्न त्याच्या तोंडी आला. जो प्रश्न ख्रिस्ताला शोभला, तो एका विधवेला का शोभू नये?

मराठी माणसाला तर हे शिकवावेही लागू नये. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात तुकोबांची पत्नी अन्नावाचून गेली. ते विठोबाशी भांडले आणि तरी विठोबाचेच राहिले. ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील गमावले, १८८० साली भाऊ, १८८२ साली पती आणि १९२१ साली एकुलती एक मुलगी. त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली प्रसिद्ध झाला आहे. बाप्तिस्मा घेतल्यानंतरही न पटलेले मत केवळ अधिकाऱ्यांच्या शब्दाखातर मानावयाचे त्यांनी कसे साफ नाकारले, ते त्यात वाचावे. आणि केडगावचे मुक्ती सदन पाहावे. शंका विचारणाऱ्या बाईचे हात दुबळे होत नाहीत, याला आणखी पुरावा कशाला?

मदर तेरेसांची खाजगी पत्रे २००७ साली बाहेर आली. जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना देवाच्या सान्निध्याऐवजी अंधारच जाणवत होता, हे त्यांतून कळले. बुद्धिवादी मित्रांनी टाळ्या पिटल्या : पाहा, हे सारे ढोंग! मला हा निष्कर्ष उतावळा वाटतो. काही जाणवत नसतानाही जी बाई रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसते आणि मग मरणाऱ्याचे अंग पुसते, ती ढोंग करीत नाही. ती भरवसा ठेवते. जाणवणे आणि भरवसा ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. याने देव सिद्ध होतो असे मी म्हणत नाही. दुःखाचा हिशेब मलाही लागलेला नाही. पण रागावलेले मूल आईच्याच अंगावर मुठी आपटते. परक्याच्या अंगावर नाही. तक्रार चालू आहे तोवर नाते तुटलेले नाही.

मग शोकाच्या घरी जाऊन करावे काय? ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस करावेत. गप्प बसावे. डबा पोचवावा, लेकराला फिरवून आणावे, मृत्यूच्या दाखल्यासाठी रांगेत उभे राहावे. प्रश्न विचारला गेला तर ऐकावा. उत्तर ठाऊक नसल्यास तसे सांगावे. थोमाने पुनरुत्थानावर शंका घेतली, तरी आठ दिवसांनी तो इतर शिष्यांबरोबर त्याच खोलीत होता. कोणी त्याला बाहेर काढले नव्हते, म्हणूनच तो ख्रिस्ताला भेटू शकला.

माझ्या भावजयीची बाकावरची जागा मंडळीने अशीच मोकळी ठेवावी. तिने यावे म्हणून तिला बोधाची पत्रके पाठवू नयेत. ती आलीच, तर तिचे प्रश्न बरोबर घेऊन येईल. त्या प्रश्नांना ज्या उपासनेत जागा नाही, ती उपासना देवाची नसून आपल्या सोयीची आहे.