राग निघतो, पण दाद कुठे मागायची?
दुरुस्त केलेला फ्रिज तिसऱ्यांदा बंद पडतो आणि कॉल सेंटर ‘तक्रार नोंदवली आहे’ एवढेच ऐकवते. हतबल ग्राहक मग फोनवरच्या मुलीवर ओरडतो, एक स्टार देतो आणि गप्प बसतो. त्या मुलीच्या हातात तरी काय असते? कंपनीला हे गप्प बसणेच सोयीचे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार राहत्या जिल्ह्यातच आयोगाकडे दाद मागता येते. वकिलाची सक्ती नाही, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत २ वर्षे. निकाल शक्यतो ३ महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात. म्हणून आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. बिल, तक्रार क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट मात्र पहिल्या दिवसापासून जपावेत.