शाळेचे दार आणि महाद्वार

कीर्तनाला उभा राहणे आता गुडघे होऊ देत नाहीत. पण दिंडीतली माणसे भेटायला येतात. पूर्वी विचारत, 'महाराज, या चरणाचा अर्थ काय?' आता विचारतात, 'नातवाला कोणत्या शाळेत घालावे?' आणि लगेच पुस्ती जोडतात, 'शाळा आपल्या लेव्हलची पाहिजे.' ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, त्याच्या तोंडी हे वाक्य कसे शोभते, एवढेच मला आज विचारायचे आहे.

दोष इतरांना देण्याआधी स्वतःचा सांगतो. नातीला पहिलीत घालायचे होते. शहरातली एक नावाजलेली खासगी शाळा मुलाने निवडली, आणि खरे सांगतो, मलाही ती हवी होती. काचेच्या दारापाशी मुलगा हळूच म्हणाला, "आप्पा, आत मुलाखत आहे. कपाळावरचं जरा पुसता का?" मी उपरण्याने बुक्का पुसला. वर बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. आत सूनबाईंना विचारले, शिक्षण कुठे झाले? तिने खेड्यातल्या शाळेचे नाव मराठीत सांगितले, तेव्हा समोरच्या बाईंनी मान खाली घालून कागदावर काही टिपले. बाहेर आल्यावर नातीने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आजोबा, पुसलंत का?" पन्नास वर्षे श्रोत्यांच्या शंका फेडल्या, पण त्या पोरीला द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

प्रवेश मिळाला होता. आम्ही घेतला नाही.

पुढे कळले की ती मुलाखतच बेकायदा होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची चाळणी लावायला मनाई केली आहे. पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत दंड आहे. तरी आपण नवे कपडे घालून त्या चाळणीत स्वतःहून उडी मारतो, आणि वर राहिलो की पेढे वाटतो.

याच कायद्याच्या बाराव्या कलमाने खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घरांतल्या मुलांना दिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये तो बदल रद्द केला. मधल्या महिन्यांत आमच्यातलेच काही माळकरी 'बरे झाले, वर्गात मिसळ नको' म्हणाल्याचे मी या कानांनी ऐकले आहे. वाटेवर अनोळखी माणसाला माउली म्हणून ज्याच्या पायाला हात लावायचा, त्याचेच पोर आपल्या पोराशेजारी बाकावर चालत नाही! मग तो नमस्कार कोणाला केला होता?

आपणही फार बढाई मारू नये. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे. त्यांच्या माणसांना ते दार ओलांडता यावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली पंढरपुरात उपोषण करावे लागले. देवाच्या दारी जी चूक शतकानुशतके झाली, ती शाळेच्या दारी पुन्हा करायची का?

आपल्याकडे याचा दुसरा वस्तुपाठही आहे. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. मी तिथेच माधुकरी मागून शिकलो. झोळी घेऊन दारोदार फिरलेल्याला थोरामोठ्याचा तोरा उरत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र राहायला, एकत्र जेवायला लावले. काल्याच्या लाह्या एकमेकांच्या तोंडात घालणाऱ्यांना याचे नवल वाटू नये.

पूर्वपक्ष मला ठाऊक आहे: 'महाराज, काल्याने नोकरी लागत नाही. इंग्रजी पाहिजे, ओळखी पाहिजेत.' इंग्रजी जरूर शिकवा. माझे भांडण इंग्रजीशी नाही, खासगी शाळेशीही नाही. साधेपणाच्या नावाखाली गुरुजी वर्गातच येत नसतील तर ते वैराग्य नव्हे, आळस आहे. पण ज्या शाळेत मूल आपल्या आईचे बोलणे लपवायला शिकते, तिथे बाकी काय शिकले ते मला सांगू नका.

नात आज जिथे शिकते तीही खासगीच. फी घेते, इंग्रजी शिकवते. इमारत जुनी, मैदान लहान. आम्ही गेलो त्या दिवशी मुख्याध्यापिका स्वतः दारापर्यंत आल्या, मला खुर्ची दिली आणि सूनबाईंशी मराठीत बोलल्या. शिपाईमामा प्रत्येक मुलाला नावाने हाक मारत होते. त्या दिवशी बुक्का कपाळावर होता. कोणी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही, आणि हेच मला आवडले.

म्हणून विचारणाऱ्याला मी आता इतकेच सांगतो. शाळा पाहायला प्रवेशाच्या दिवशी जाऊ नका, तेव्हा सगळीकडेच रांगोळी असते. सुटण्याच्या वेळी फाटकाशी अर्धा तास उभे राहा. सायकलवर आलेल्या बापाशी रखवालदार कसा बोलतो ते पाहा. २५ टक्क्यांतून आलेली मुले कोणाच्या शेजारी बसतात, त्यांना वेगळ्या नावाने हाक मारतात का, ते विचारा. डबे एकत्र उघडतात का? स्नेहसंमेलनाच्या पोशाखाला पैसे नसलेले मूल रंगमंचावर असते की पडद्यामागे? पालकसभेत कमी शिकलेली आई तोंड उघडते का? आणि शेवटी घरच्या सर्वांत साध्या माणसाला, आहे त्या वेषात, बरोबर न्या. त्याला जिथे बाहेर बसावे लागेल, तिथे आपले मूल आत पाठवू नका.

मी एकदा पुसले. तुम्ही पुसू नका.

रामकृष्णहरि.