ऑईल भरणं म्हणजे दुरुस्ती नव्हे



मासळी कुठे मिळेल त्याचा संदेश हैदराबादच्या इन्कॉइसकडून येतो. उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य बघून ते जागा सांगतात. सोय चांगली आहे. पण तिथे जाऊन सुखरूप परत यायचं ते आपल्याच मशिनवर. म्हणून आज स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

बटणावर वर-खाली होणारी मोठी, जुनी आउटबोर्ड मशिनं ज्यांच्याकडे आहेत, त्यांची एकच तक्रार. रात्री वर करून ठेवलेलं मशीन सकाळी खाली आलेलं असतं. आपण काय करतो? ऑईल भरतो आणि निघतो. मीही दोन सीझन हेच केलं. एकदा तर घाईत गाडीचं ब्रेक ऑईल ओतलं. त्याने रबरी सील फुगून वाया गेले. जेट्टीला लागताना रिव्हर्स टाकला, तर मशीन उसळून पंखा पाण्याबाहेर! बोट थांबेना. खलाशाचा हात थोडक्यात वाचला. चूक माझीच होती.

आधी गळती कुठे आहे ते बघा. दांड्याभोवती ऑईल दिसलं तर सील गेलाय. बाहेर थेंब नाही, तरी मशीन बसतंय, तर हाताने सोडायचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे का ते तपासा. तो बंद असेल तर आतला सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय. ऑईल दुधासारखं पांढरं झालं असेल तर आत पाणी शिरलंय.

सील बदलण्याआधी दांड्यावरून बोट फिरवा. गंजाचे खड्डे लागले तर नवा सीलही कापला जाणार, दांडाच बदलावा लागेल. मशीन वर असताना हा दांडा उघडा राहतो, त्यावर मीठ आणि रेती बसते. रोज गोड्या पाण्याने धुवा, एवढ्यानेच बरंच वाचतं.

काम करताना मशीन वर घेऊन लॉक लावा, शिवाय खालून भक्कम टेकू द्या. नुसत्या दोरीवर विसंबू नका. झाकण छिन्नी-हातोडीने उघडू नका, त्याचा वेगळा पाना मिळतो. ऑईल मशिनच्या पुस्तकात लिहिलेलंच वापरा.

माझं मत असं, की हे काम एकेकट्याने करू नये. 1 जून ते 31 जुलै बंदीत बोटी वरच असतात. तेव्हा संस्थेने सील एकदम मागवावेत, पाना एक घ्यावा आणि जाणता मेकॅनिक बोलवावा. कमिटीपुढे मी हा विषय ठेवणार आहे. आपल्या मशिनची कंपनी, हॉर्सपॉवर आणि मॉडेल नंबर खाली लिहा. सीलचे पैसे परत कमावता येतात, खलाशाचा हात नाही.

आपला,
सचिव