अक्षरओळख आणि 'अडाणी' आई

मूल 'प' आणि 'ष'मध्ये गोंधळले की पहिला प्रश्न आईला विचारला जातो, "घरी अभ्यास घेत नाही का?" वडिलांना हा प्रश्न कुणी विचारल्याचे मी तरी ऐकलेले नाही. अकोला जिल्ह्यातील खेड्यांत महिला गटांबरोबर काम करताना मला हे वारंवार जाणवते की, अक्षरओळख हा केवळ शिक्षणाचा विषय नाही. तो बाईच्या श्रमाचा आणि तिच्या प्रतिष्ठेचाही विषय आहे. म्हणूनच त्याची चर्चा आपल्या व्यासपीठावर व्हायला हवी.

आपल्याकडे अक्षरे शिकवतात कशी? चार वर्षांच्या मुलापुढे मुळाक्षरांचा अख्खा तक्ता येतो. मूल तो गाण्यासारखा घडाघडा म्हणते आणि सारे खूश होतात. पण तक्त्यावरचे चित्र हाताने झाका, की तेच मूल गप्प! ते अक्षर वाचत नव्हते, कमळ वाचत होते.

कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ या उच्चारस्थानांनुसार लावलेला आपल्या व्यंजनांचा क्रम शास्त्र म्हणून सुंदरच आहे. पण शिकण्याचा क्रमही तोच असला पाहिजे असे कुठे आहे? 'ण' आणि 'ळ' यांनी मराठी शब्द सुरूच होत नाहीत. म्हणून 'ण बाणाचा' म्हणावे लागते आणि मुलाच्या कानावर आधी 'बा' पडतो. त्याऐवजी म, क, न, ल ही चारच अक्षरे आणि एक काना घेतला, तरी मका, कान, नाक, काम, लाल, नाला असे ओळखीचे शब्द मुलाला वाचता येतात. आपण वाचलेल्याला अर्थ आहे, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळते.

या तक्त्यांवरचे जग तरी कुणाचे? 'ऋ' ऋषीचा, 'य' यज्ञाचा, 'भ' भटजीचा, 'क्ष' क्षत्रियाचा. कापूस वेचणाऱ्या बाईच्या मुलाने यज्ञ कुठे पाहिलेला असतो? 'भ' भाकरीचा का नाही?

याहून खोल प्रश्न बोलीचा आहे. वऱ्हाडात घरोघरी 'पानी' म्हणतात, डोळ्याला 'डोया' म्हणतात. शाळेत अक्षर आणि आवाज यांची जोडी प्रमाण मराठीच्या उच्चारांवर बसवलेली असते. मुलाने ऐकलेल्या आवाजाप्रमाणे 'पानी' लिहिले, तर खरे म्हणजे त्याला आवाज नीट ओळखता आला आहे. पण वहीवर लाल फुली पडते आणि 'घरचे बोलणे अशुद्ध' असा शेरा आईपर्यंत पोहोचतो. आमच्या बैठकीत एक आई म्हणाली, "मीच अडानी, तं लेकराले काय शिकवू?" मुलाला 'पाणी' जरूर शिकवावे. पण 'घरी आपण असे बोलतो, पुस्तकात असे लिहितात' एवढे सांगितले तर आईचा अपमान न करताही ते शिकवता येते.

शिवाय ही आई अडाणी आहे, हेच मला मान्य नाही. आवाज ओळखणे ही वाचनाची पहिली पायरी आणि ती अक्षराच्या आधी येते. गाण्याच्या भेंड्या लावताना कधी शाळेत न गेलेली बाईही शेवटचे अक्षर अचूक कानाने पकडते आणि त्यावरून नवे गाणे उचलते. ओवी, उखाणा यांतले यमकही ती कानानेच जुळवते. हे ज्ञान मुलाला देण्यासाठी तिला पाटी-पेन्सिल लागत नाही. कामे करता करता 'म'वरून नावे सांगायचा खेळ तिला खेळता येतो, आणि तो बापालाही खेळता येतो. लिपी शिकवणे मात्र संस्थेचे काम आहे. ते गृहपाठ म्हणून तिच्या डोक्यावर टाकणे हा अन्याय आहे. गावोगावच्या 'कॉन्व्हेंट'मध्ये फी भरूनही ते तिच्याच वाट्याला येते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू केले. बालशिक्षण मुलांच्या अंगणात गेले पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. आज ते अंगणवाडी सेविकेच्या हाती आहे. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क ६ ते १४ वयाला दिला. त्याआधीची वर्षे 'राज्याने प्रयत्न करावा' एवढ्यावरच राहिली. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने ३ वर्षांपासूनच्या शिक्षणाला पायाभूत म्हटले खरे, पण तो पाया रचणारी सेविका मानधनावर! पोषण आहार, वजन-उंची, मोबाइलवरच्या नोंदी यांतून तिला शिकवायला वेळ किती उरणार? ग्रॅच्युइटीचा हक्क तिला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांना पुन्हा संपावर जावे लागले. बाईच मुलांना शिकवणार आणि ते माया म्हणून, जवळजवळ फुकट, हे गृहीतक घरात आणि अंगणवाडीत एकच आहे.

गटांतील मैत्रिणींना माझे सांगणे आहे की, पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. अंगणवाडीतला तक्ता एकत्र पाहा, आपल्या गावातील शब्दांचा आणि चित्रांचा नवा तक्ता सेविकेबरोबर बनवा. सहा वर्षांखालील मुलांना लेखी गृहपाठ नको, असा ठराव पालकसभेत आणि ग्रामसभेत मांडा. पालकसभेला वडिलांनाही बोलवा. सेविकांच्या वेतनाच्या आणि प्रशिक्षणाच्या मागणीला पाठिंबा देताना ती केवळ त्यांची मागणी समजू नका. तिच्यावरच तुमच्या मुलाचे वाचन उभे राहणार आहे.